अ‍ॅडम पीटी आणि १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळच्या बॅचला मी ब्रेस्टस्ट्रोक शिकवतो आणि आठवड्यातून एकदा तरी अ‍ॅडम पीटीचं नाव निघतंच. कधी मी काढतो, कधी आदल्या रात्री मोबाइलवर त्याची शर्यत पाहून आलेला एखादा मुलगा काढतो. मग प्रश्न सुरू होतात. पोरांचे वेगळे, काठावर टॉवेल मांडीवर घेऊन बसलेल्या आईवडिलांचे वेगळे. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय.

हा अ‍ॅडम पीटी नेमका कोण?

इंग्लंडचा ब्रेस्टस्ट्रोक पोहणारा जलतरणपटू. जन्म २८ डिसेंबर १९९४, गाव स्टॅफर्डशर परगण्यातलं युटॉक्सिटर. ५० आणि १०० मीटर हे त्याचे प्रकार. १०० मीटरमध्ये रिओ २०१६ आणि टोकियो अशी सलग दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. ऑलिम्पिकमधलं आपलं विजेतेपद टिकवणारा तो पहिला ब्रिटिश जलतरणपटू. रिले धरून ऑलिम्पिकची एकूण सहा पदकं, त्यात तीन सुवर्ण आणि तीन रौप्य. शिवाय ५० मीटरच्या तलावातल्या जागतिक स्पर्धांची आठ सुवर्णपदकं.

पण ही यादी मी पोरांना सहसा सांगत नाही. मी एवढंच सांगतो, की १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५८ सेकंदांच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस तो, आणि ५७ सेकंदांच्या आत पोहणारा पहिला माणूसही तोच. एकाच माणसानं असे दोन उंबरठे ओलांडणं फार दुर्मीळ आहे.

ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे आपलं बेडकासारखं पोहणंच ना? मग त्यात एवढं अवघड काय?

हो, बेडकासारखंच. विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलेली आपली कितीतरी माणसं डोकं वर ठेवून असंच पाय मारतात. सगळ्यात जुनी पद्धत ही. १८७५ साली मॅथ्यू वेबनं इंग्लिश खाडी पहिल्यांदा पार केली, ती ब्रेस्टस्ट्रोकनंच.

स्पर्धेतल्या चार प्रकारांत मात्र हा सगळ्यात संथ. १०० मीटर फ्रीस्टाइलचा पुरुषांचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंद आहे आणि ब्रेस्टस्ट्रोकचा ५६.८८. दहा सेकंदांहून जास्त फरक. याचं कारण समजलं की पीटीची करामत समजते, म्हणून इथे थोडं थांबतो.

फ्रीस्टाइलमध्ये एक हात पाणी ओढत असताना दुसरा हवेतून पुढे येतो. पाण्याबाहेर आलेल्या हाताला पाणी अडवत नाही, आणि एक हात सुटला की दुसऱ्यानं पकडलेलं असतं, त्यामुळे वेग फारसा पडत नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकदम पुढे न्यायचे, कोपरं पाण्याखालीच ठेवायची, आणि दोन्ही गुडघे एकदम पोटाकडे ओढायचे. गुडघे पुढे आले की मांड्या पाण्यासमोर भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्या क्षणी पोहणारा जवळजवळ थांबतो. पुढच्या लाथेनं पुन्हा सुटतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक स्ट्रोकला ब्रेक आणि प्रत्येक स्ट्रोकला पुन्हा पहिल्यापासून गती. एका लांबीत किती वेळा हे होतं ते मोजून बघा.

म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जोर वाढवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, गमावणं कमी करायचं असतं. ताकदवान पोरगा पाण्याशी झगडत राहतो आणि किडकिडीत पोरगा शेजारून सरकत निघून जातो, हे मी आमच्या तलावावर पुष्कळदा पाहिलंय.

लहानपणी तो पाण्याला घाबरायचा हे खरं का?

खरं आहे. त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलेलं आहे. तो चार भावंडांतला धाकटा. आंघोळीच्या टबातल्या पाणी जायच्या भोकातून शार्क येतात, असं मोठ्या भावांनी त्याला सांगितलं होतं, आणि त्यामुळे टबात बसायचं म्हटलं तरी तो रडून गोंधळ घालायचा.

पाण्याच्या भीतीनं आईच्या पायाला मिठी मारून उभी राहिलेली मुलं दर उन्हाळी शिबिरात असतात. त्यांच्या पालकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. मुलगा ऑलिम्पिकला जाईल असं त्यातून सुचवायचं नसतं. भीती वाटणारं मूल पाण्यासाठी निकामी असतं हा समज मात्र काढून टाकायचा असतो. कोणी चेष्टा न करता, ढकलून न देता पायरीवर बसू दिलं, तर बहुतेक मुलं आपणहून एक एक पायरी खाली उतरतात.

त्याच्यातली चुणूक पहिल्यांदा कुणी ओळखली?

मेलनी मार्शल. स्वतः २००४ आणि २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये पोहलेली. पीटी चौदा वर्षांचा असताना डर्बीच्या क्लबात तिच्याकडे आला. त्याचं फ्रीस्टाइल पाहून तिला काही विशेष वाटलं नाही, तिनं त्याला हळू पोहणाऱ्यांच्या लेनमध्ये टाकलं. मग त्यानं ब्रेस्टस्ट्रोक करून दाखवला आणि तिचं मत तिथल्या तिथे बदललं. हे तिनंच नंतर सांगितलंय.

युटॉक्सिटरहून डर्बीला पहाटेच्या सरावाला त्याची आई गाडीनं घेऊन जायची. चार वाजता उठणं, अंधारात गाडी, मुलगा पाण्यात असेपर्यंत वाट पाहणं. हे वाचताना मला आमच्याकडच्या कितीतरी आया आठवतात, स्कूटरवर पुढे दप्तर आणि मागे पेंगणारं पोर घेऊन सव्वापाचला गेटवर हजर असणाऱ्या. पदकाच्या फोटोत ही माणसं नसतात.

मार्शल आणि पीटी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत एकत्र राहिले. आधी डर्बी, मग लफबरो विद्यापीठ. एवढी वर्षं एकच कोच, हे वरच्या पातळीवर सहसा दिसत नाही.

२०१२ साली असं काय घडलं, की तो एकदम बदलला?

तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पोहायचा, पण मित्रांबरोबर रात्री भटकणं, पिणं हेही चालू होतं. अशाच एका संध्याकाळी बाहेर पडायच्या तयारीत असताना त्याला फोनवर दिसलं, की क्रेग बेन्सन लंडन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या उपांत्य फेरीत पोहोचलाय. बेन्सन त्याच्याच पिढीतला, त्याच्याबरोबर शर्यती खेळलेला. तो तिथे आहे आणि मी इथे काय करतोय, हा प्रश्न त्याला तेव्हा टोचला.

पुढच्या दोन वर्षांत तो ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला आणि १०० मीटरचं सुवर्ण घेऊन आला. हरवलं कुणाला? लंडनचा ऑलिम्पिक विजेता, दक्षिण आफ्रिकेचा कॅमेरॉन व्हॅन डर बर्ग याला. ५० मीटरमध्ये व्हॅन डर बर्गनं परतफेड केली. त्याच वर्षी बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत पीटीनं ५० मीटरचा जागतिक विक्रम मोडला आणि मग तो थांबलाच नाही.

त्याचे १०० मीटरचे विक्रम एकदा ओळीनं सांगाल का?

सांगतो. पोरांना मी हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवतो, कारण त्यांच्यातच सगळी गोष्ट आहे.

व्हॅन डर बर्गनं लंडन २०१२ च्या अंतिम फेरीत ५८.४६ ची वेळ दिली, तो जागतिक विक्रम होता. एप्रिल २०१५ मध्ये लंडनला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत पीटी ५७.९२ पोहला. ऑगस्ट २०१६, रिओ, पहिल्याच फेरीत ५७.५५. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत ५७.१३. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लासगोला ५७.१०. आणि २१ जुलै २०१९ रोजी दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत, तेही उपांत्य फेरीत, ५६.८८.

पाच विक्रम, पाचही त्याचेच. पहिला सोडला तर प्रत्येक वेळी त्यानं स्वतःचाच आकडा पुसला.

यातल्या ग्लासगोच्या आकड्याची एक हकिगत आहे. शर्यत संपली तेव्हा फलकावर ५७.०० झळकलं होतं. बरोबर सत्तावन्न. नंतर लक्षात आलं की वेळ मोजणाऱ्या यंत्रणेत चूक होती आणि सगळ्यांच्या वेळेत एक दशांश सेकंद वाढवावा लागणार. ५७.०० चं ५७.१० झालं. विक्रम राहिला, पण जेमतेम तीन शतांशांनी. ज्याचं सगळं आयुष्य शंभराव्या भागात मोजलं जातं, त्याच्या हातून यंत्राच्या चुकीनं दहा शतांश काढून घेतले गेले.

५७ च्या आत जायच्या ध्यासाला त्यानं आणि मार्शलनं नावच ठेवलं होतं, ‘प्रोजेक्ट ५६’. ग्वांगजूला तो पूर्ण झाला. ५० मीटरमध्येही तसंच. २०१७ साली बुडापेस्टला २५.९५ पोहून तो २६ सेकंदांच्या आत जाणारा पहिला ठरला.

रिओची ती शर्यत एवढी का गाजली?

फरकामुळे. पीटी ५७.१३, दुसरा आलेला व्हॅन डर बर्ग ५८.६९. दीड सेकंदाहून जास्त. म्हणजे पीटीचा हात भिंतीला लागला तेव्हा दुसऱ्याला अजून अडीच मीटरच्या वर अंतर कापायचं होतं. १०० मीटरच्या शर्यतीत, जिथे निकाल नखाएवढ्या अंतरावर लागतात, तिथे हे पाहून विश्वास बसत नाही. ती शर्यत पाहताना कॅमेरा मागे घ्यावा लागतो, नाहीतर बाकीचे चौकटीत मावत नाहीत.

शिवाय ब्रिटनच्या पुरुषांना जलतरणाचं ऑलिम्पिक सुवर्ण १९८८ नंतर मिळालंच नव्हतं. सोलमध्ये एड्रियन मूरहाउस जिंकला होता, तोही १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच. अठ्ठावीस वर्षांनी त्याच शर्यतीत ते परत आलं. रिओमधलं ब्रिटनचं ते पहिलं पदक होतं. पीटीची आजी त्या आठवड्यात घरबसल्या प्रसिद्ध झाली. नातवाबद्दल ट्विटरवर इतक्या जीव लावून लिहीत होती की अख्खा देश तिला ‘ऑलिम्पिक नॅन’, म्हणजे ऑलिम्पिकवाली आजी म्हणू लागला.

त्याची पद्धत इतरांहून वेगळी कशी?

त्याच्याआधी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सरकण्याला फार मान होता. एक ओढ, एक लाथ, मग हात पुढे लांब करून सरकत राहायचं. जपानचा कोसुके किताजिमा या कलेचा उस्ताद. अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८, दोन्हीकडे १०० आणि २०० मीटरचं सुवर्ण त्याचं. त्याचा स्ट्रोक लांब, शांत, पाहतच राहावा असा.

पीटीनं ते सरकणं जवळजवळ काढूनच टाकलं. हात पुढे पोहोचले न पोहोचले तोच पुढची ओढ सुरू. शरीर पाण्यावर उंच आणि सपाट, छाती लाटेवर चढल्यासारखी. गुडघे फार पुढे न आणता टाचा झटकन मागे घ्यायच्या आणि लगेच लाथ. वर सांगितलेला तो थांबण्याचा क्षण त्यानं इतका आखूड केला, की वेग पडायला वेळच मिळत नाही. याची किंमत प्रचंड दमछाक. एवढ्या भरभर स्ट्रोक मारत राहायला खांदे, छाती, पाठ लोखंडासारखी लागते, आणि तो व्यायामशाळेत घाम गाळण्यासाठी प्रसिद्धच आहे. त्यात त्याचे घोटे आणि गुडघे नेहमीपेक्षा जास्त वळतात. म्हणून त्याचे पंजे वल्ह्यासारखे बाहेर उघडतात.

माझ्या मुलाचे घोटे तसे वळत नाहीत. मग त्यानं ब्रेस्टस्ट्रोक सोडावा का?

नाही. घोटे हळूहळू मोकळे होतात, आणि त्याआधी मुलाला पाणी ‘लागणं’ म्हणजे काय ते कळावं लागतं.

मी असं करतो. मुलाला काठावर पालथं झोपवतो, कमरेपासून खाली पाण्यात. मग पाण्यात उतरून त्याच्या मागे उभा राहतो आणि दोन्ही पंजे हातात धरतो. टाचा ढुंगणाकडे आणायच्या, बोटं बाहेर वळवायची, आणि मग तळव्यानं पाणी मागे रेटायचं. सुरुवातीला पंजा सरळच राहतो, पाय पाण्यातून कापत जातो, हाताला काही जाणवत नाही. पन्नास वेळा, शंभर वेळा. मग एखाद्या संध्याकाळी अचानक तळव्याखाली पाणी घट्ट होतं आणि त्याची लाथ माझ्या हाताला ढकलून देते. मूल मान वळवून बघतं, कारण ते त्यालाही जाणवलेलं असतं. तेवढ्यासाठी थांबायची माझी तयारी असते.

गुडघा दुखत असेल तर मात्र लाथ लगेच बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. दुखत असताना सहन कर असं पोराला सांगू नका.

स्पर्धेत आमची मुलगी पहिली आली आणि तरी बाद ठरवली. असं का?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. वळताना किंवा शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला लागले नाहीत, किंवा लाथ मारताना एक पाय वेगळा गेला, किंवा पाण्याखाली एकापेक्षा जास्त डॉल्फिन किक मारली.

तिसऱ्याबद्दल थोडं. उडी मारल्यावर आणि प्रत्येक वळणानंतर पाण्याखाली एक मोठी ओढ घेता येते, हात मांड्यांपर्यंत. त्याबरोबर एक डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेली फुलपाखरासारखी लाथ, चालते. एकच. अथेन्सला किताजिमानं अशी लाथ मारली असा आरोप अमेरिकन संघाकडून झाला होता, तेव्हा तिला परवानगीच नव्हती. त्या वादानंतर २००५ पासून एक किक अधिकृत झाली. लंडन २०१२ नंतर व्हॅन डर बर्गनं एकापेक्षा जास्त किका मारल्याचं स्वतःच कबूल केलं. पंचांना पाण्याखालचं दिसत नाही म्हणून सगळेच मारतात, असं त्याचं म्हणणं होतं.

या प्रकाराचे नियम सतत बदलत आलेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये जपानचा मासारू फुरुकावा बरंचसं अंतर पाण्याखालून पोहून जिंकला, त्यानंतर तसं पोहणं बंद केलं गेलं. बटरफ्लायसुद्धा आधी ब्रेस्टस्ट्रोकचाच एक अवतार होता, १९५२ च्या अखेरीला वेगळा झाला. मुलगी बाद झाली म्हणून रडत असेल तर तिला हे सांगा. या शर्यतीत भल्याभल्यांचा पाय घसरलाय.

पीटी २०० मीटर का पोहत नाही?

त्याच्या पद्धतीनं चार लांब्या टिकवणं शक्य नसतं. २०० मीटर सरकणाऱ्यांची शर्यत आहे.

टोकियोनंतर त्याचं काय बिघडलं?

टोकियोत तो शिखरावर होता. १०० मीटरमध्ये ५७.३७, नेदरलँड्सचा आर्नो कामिंगा दुसरा, इटलीचा निकोलो मार्तिनेंगी तिसरा. मग कॅथलीन डॉसन, जेम्स गाय आणि अ‍ॅना हॉपकिन यांच्याबरोबर मिश्र मेडली रिलेत, म्हणजे दोन पुरुष आणि दोन स्त्रियांनी मिळून चार वेगवेगळे प्रकार पोहायच्या रिलेत, जागतिक विक्रमासह सुवर्ण. पुरुषांच्या मेडली रिलेत रौप्य.

पुढे मे २०२२ मध्ये सराव करताना त्याच्या पायाचं हाड मोडलं. जागतिक स्पर्धा हुकली. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो घाईनं उतरला आणि १०० मीटरमध्ये चौथा आला. सुवर्ण त्याच्याच संघातल्या जेम्स विल्बीनं घेतलं. आठ वर्षांत १०० मीटरमधला तो पहिला पराभव. दोन दिवसांनी त्यानं ५० मीटर जिंकली, राष्ट्रकुलमधलं त्याचं एवढंच राहिलेलं सुवर्ण. पण आतून काहीतरी तुटलं होतं.

२०२३ च्या वसंतात त्यानं मानसिक आरोग्याचं कारण देऊन ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेतून माघार घेतली. नंतर नैराश्याबद्दल, दारूबद्दल, घर मोडल्याबद्दल तो उघडपणे बोलला. चर्चमध्ये जाऊ लागला, श्रद्धेनं आधार दिला असं त्यानं सांगितलं. त्या वर्षी फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत चीनच्या छिन हाययांगनं ५०, १०० आणि २०० अशी तिन्ही सुवर्णं नेली. पीटी तिथे नव्हताच.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि पालकांनी ती नीट वाचावी अशी विनंती आहे. अनेक वर्षं त्याला हरवणारा माणूसच नव्हता. तो घड्याळाशीच शर्यत करत होता. सुवर्ण मिळालं तरी वेळ हवी तशी आली का, हा प्रश्न उरायचाच. घड्याळानं त्याला जगाच्या पुढे नेलं, आणि त्याच घड्याळानं त्याला जिंकल्याचं सुख फार काळ लाभू दिलं नाही. स्टॉपवॉच माझ्याही गळ्यात असतं. पोरगं भिंतीला हात लावून धापा टाकत वर बघतं, ‘सर, किती?’ तेव्हा आकडा सांगायच्या आधी मी त्याच्या पोहण्यातली एखादी चांगली गोष्ट सांगतो. हे मी पीटीची मुलाखत ऐकल्यानंतर सुरू केलं.

पॅरिसमध्ये तो हरला की जिंकला?

निकालपत्रात तो दुसरा आहे. २८ जुलै २०२४, अंतिम फेरी. मार्तिनेंगी ५९.०३. पीटी ५९.०५. अमेरिकेचा निक फिंक, तोही ५९.०५. दोन रौप्यपदकं दिली गेली, कांस्य कुणालाच नाही.

दोन शतांश म्हणजे किती? त्या वेगानं पाण्यात जेमतेम सव्वा इंच. रिओत अडीच मीटर, इथे सव्वा इंच.

सलग तिसरं सुवर्ण त्याच्या आवाक्यात होतं. एकाच शर्यतीत सलग तीन ऑलिम्पिक जिंकलेला पुरुष जलतरणपटू तोपर्यंत एकच होता, मायकेल फेल्प्स. वेळा सगळ्यांच्याच मंद होत्या. तिथला तात्पुरता तलाव २.१५ मीटरच खोल होता, आणि उथळ पाण्यात लाटा तळावरून परत येऊन त्रास देतात, अशी चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. त्या दिवशी सकाळपासून पीटीला बरं वाटत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी चाचणीत कोविड निघाला. पुढे बरा होऊन तो रिलेत पोहला, पण पदक आलं नाही.

शर्यत संपल्यावर कॅमेऱ्यासमोर त्याला रडू आवरेना. दुसरा आलो म्हणून रडत नाही, इथवर यायला जे सोसलं त्यामुळे रडतोय, असं तो म्हणाला. मग तो प्रेक्षकांकडे गेला आणि आपल्या लहानग्या मुलाला कवटाळलं. तिथे त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला रिओच्या फोटोत दिसत नाही.

मुलींनी कुणाच्या शर्यती बघाव्यात?

लिथुआनियाच्या रूटा मेइलुटिटेच्या. लंडन २०१२ ला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढे उत्तेजक चाचण्यांसाठी उपलब्ध न राहिल्यामुळे २०१९ मध्ये तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. या पातळीवरच्या खेळाडूंना दररोज एका तासासाठी आपण कुठे सापडू ते कळवून ठेवावं लागतं, आणि बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर कारवाई होते. ती परत आली आणि २०२३ मध्ये ५० मीटर २९.१६ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. अमेरिकेची लिली किंगही पाहा, १०० मीटरचा १:०४.१३ हा विक्रम तिचा, २०१७ च्या बुडापेस्टचा. तिचा जोर बघून मुलींच्या अंगात वारं शिरतं.

भारतातून या प्रकारात कुणी वर गेलंय का?

दिल्लीचा संदीप सेजवाल. बीजिंग २००८ ला तो ऑलिम्पिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोक पोहला आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्यपदक मिळवलं. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० ला चीनमधल्या ग्वांगझूमध्ये आशियाई कांस्य घेतलं होतं, पण ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. दोघंही बीजिंगच्या त्याच भारतीय संघात होते.

पीटी आता निवृत्त झाला का?

पॅरिसनंतर त्यानं विश्रांती घेतली, आणि मेलनी मार्शल ऑस्ट्रेलियात कोच म्हणून गेली. पण एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिस २०२८ च्या कार्यक्रमात ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायची भर पडली. याआधी ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर फक्त फ्रीस्टाइलचं होतं. २५.९५ चा विक्रम ज्याच्या नावावर आहे, त्याच्यासाठी हे दार इतक्या उशिरा उघडलं. लॉस एंजेलिसचं लक्ष्य ठेवल्याचं त्यानं सांगितलंय. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा असेल.

त्याची कुठली शर्यत आधी दाखवू?

मुलाला आधी ग्वांगजूची उपांत्य फेरी दाखवा. आवाज बंद करून. पहिल्यांदा फक्त पीटीचं डोकं बघायला सांगा, ते दर स्ट्रोकला त्याच उंचीवर येतं आणि त्याच जागी बुडतं. दुसऱ्यांदा फक्त वळण बघा, दोन्ही हात भिंतीला, गुडघे आत, एक डॉल्फिन किक, लांब सरकणं. तिसऱ्यांदा शेवटचे पंधरा मीटर बघा. इतरांचे खांदे तिथे जड होऊन खाली बसायला लागतात. त्याचे बसत नाहीत. मग हात लागतो, तो वळून फलकाकडे बघतो, ५६.८८ दिसतं, आणि तो दोन्ही हातांनी पाण्यावर थाड थाड मारतो.